समोर जाऊन बसणारा

१

त्या कुत्र्याच्या अंगावरचं काहीतरी कुणीतरी कापून काढलं होतं. मला ते पहिल्या नजरेत दिसलं नाही, कारण मी त्याचे डोळे बघत बसले होते.

बुधवारची सकाळ, पावणेसातची वेळ. झाडलोट करायची म्हणून आमच्या शिवणाच्या दुकानाचं शटर मी अर्धं वर केलं, तर पायरीवर तो. तपकिरी, मध्यम चणीचा, कान पडलेले. मला बघून भुंकला नाही, शेपटी हलवली नाही. ओळखीच्या माणसाची वाट बघत असावा आणि भलतंच कुणी आलं, तरी वाईट दिसू नये म्हणून गप्प बसावं, तसा बसून राहिला.

सकाळी सात वाजेपर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांचा नेम आहे. त्यामुळे "कुणाचा रे तू?" हे मनातच विचारलं आणि त्याच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं. शेजारच्या किराणा दुकानातल्या वहिनी नेमक्या तेव्हाच बाहेर आल्या. माझा नेम त्यांना पाठ आहे, आणि म्हणूनच त्यांना सगळे प्रश्न सातच्या आत सुचतात.

"अगंबाई, हे कुठून आणलंस? चावतं का? पाळणार आहेस? घरी विचारलंस का?"

मी हात जोडले.

"बरं बरं, बोलू नकोस. पण चावतं का एवढं तरी मान हलवून सांग!"

साडेआठला आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. दुकान त्यांचं, मी हाताखाली. पंचेचाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून आणि उसवून त्यांना एक सवय लागली आहे. माणूस काय सांगतो याआधी त्याच्या कपड्यावर कुठे झीज आहे ते त्या बघतात. कोपर झिजलं असेल तर टेबलाचं काम, एकच खिसा लोंबत असेल तर किल्ल्यांचा जुडगा. कुत्र्याशेजारी त्या जमिनीवर बसल्या, चष्मा सरकवला आणि गळ्यातली टेप काढली.

"आत्या, त्याला काय ब्लाउज शिवायचाय?"

"गप गं. हे बघ, मानेचे केस सारखे आहेत. गळपट्टा कधी घातलेलाच नाही याला."

"म्हणजे भटका."

"भटका असा बसतो होय? इकडे बघ." पुढच्या पायांच्या मागे त्यांनी बोट फिरवलं. तिथे छातीभोवती केस विरळ झाले होते, पोटाखालून पार पलीकडच्या बाजूपर्यंत. आत्यांनी टेप लावली. "सव्वा इंच रुंद, पुरता वेढा. कॉलरची आतली बाजू कशी झिजते, तसं झिजलंय. रोज काहीतरी बांधत होतं कुणीतरी याच्या अंगावर. आणि आता ही रेघ बघ."

उजव्या बरगडीवर बोटभर लांबीची बारीक लाल रेघ होती.

"खरचटलंय," मी म्हटलं.

"खरचटलेलं वाकडंतिकडं असतं. ही सरळ आहे, पात्याची. बांधलेलं कापताना हात निसटलाय." गुडघ्यावर हात टेकत आत्या उठल्या. "हा नुसता हरवलेला नाही. याच्या अंगावरचं काढून घेतलंय कुणीतरी. का काढलं ते कळलं ना, की हा कुणाचा तेही कळेल."

२

पण शोध लागेपर्यंत करायच्या गोष्टी कराव्याच लागतात. आधी आम्ही त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छोटं यंत्र त्याच्या खांद्यांवरून फिरवलं. कातडीखाली मालकाचा पत्ता सांगणारी चिप असली तर यंत्र वाजतं, म्हणाल्या. ते वाजलं नाही. दात बघून त्यांनी वय चार सांगितलं आणि रेघेला मलम लावून दिलं.

तिथून पोलीस चौकीवर. हवालदारांनी वही उलटी-सुलटी चाळली. "तीन मांजरं आणि एक पोपट हरवलाय. कुत्र्याची तक्रार नाही बाई." आमचा नंबर तेवढा त्यांनी लिहून घेतला.

मग पत्रकं. ती मी लिहायला बसले तेव्हा आत्या मागे उभ्या होत्या.

"रंग लिही, कुठे सापडला ते लिही, फोन लिही. शेपटीचं लिहू नकोस."

त्याच्या शेपटीच्या टोकाला पांढरे केस होते. "का नको?"

"एक खूण आपल्या पोटात ठेवायची. जो न विचारता सांगेल, त्याचा तो."

दुपारपर्यंत आम्ही चौदा पत्रकं चिकटवली. चार वाजता हेडसर आले.

हेडसर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सगळा रस्ता त्यांना हेडसरच म्हणतो. आठ महिन्यांपूर्वी त्यांचा कुत्रा फाटक उघडं राहिलं म्हणून गेला तो आलाच नाही. तेव्हापासून फिरायला निघाले की त्यांची काठी उजव्या हातात असते आणि डावा हात थोडा पुढे, साखळी धरल्यासारखा. ते दारात उभे राहिले आणि पायरीवर शेपटी अंगाखाली घेऊन बसलेल्या कुत्र्याकडे बघत राहिले.

"तपकिरी," ते म्हणाले. "चार वर्षांचा. शेपटीच्या टोकाला पांढरे केस."

मी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी सुई उशीत खोचली.

"सर, तुमचा गळ्यात पट्टा घालायचा ना?"

"चामड्याचा. पण आठ महिने झाले, केस भरून आले असतील. मधे कुणीतरी सांभाळला असेल." आवाज एकदम शाळेतल्या मुलासारखा झाला. "मी घेऊन जाऊ का?"

वहिनींच्या डोळ्यांत एव्हाना पाणी आलं होतं. "देऊन टाका हो! बिचारे एकटे जेवतात."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, शनिवारी दुपारी बारापर्यंत दुसरं कुणी आलं नाही, तर तो तुमचा. शब्द दिला."

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कात्री माझ्या हातात असती तर मी ती खाली ठेवली असती. शब्द दिला की तो मोडायचा नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कुणाचा तरी कुत्रा भलत्याच घरी जाण्याला माझ्या एका वाक्याने तारीख पडली होती.

हेडसर आत येऊन बाकावर बसले, हात पुढे केला, हलकेच बोलावलं. कुत्रा उठला. त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग वळून थेट समोरच्या भिंतीपाशी गेला आणि तिथे जाऊन बसला.

३

गुरुवारी आत्या साडेसहालाच हजर झाल्या.

"पावणेसातला या रस्त्यावर उघडं काय असतं?" त्यांनी विचारलं. मी उत्तर देऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनीच दिलं. "तू, वहिनी आणि बेकरीची गाडी. तू तर गप्पच असतेस. वहिनी, तुम्ही सांगा."

वहिनींनी सांगितलं ते असं: बुधवारी त्या आत ब्रेड मोजून घेत होत्या, कुत्रा कुठून आला ते पाहिलं नाही, गाडी मात्र रोजच्यापेक्षा जास्त वेळ उभी होती. "मी म्हटलं चाक बसलं असेल. ड्रायव्हर गाडीत मागे शिरला होता, धडपड ऐकू येत होती."

इतक्यात तीच गाडी आली. ड्रायव्हर तिशीचा, तरतरीत, एरवी शीळ घालत येणारा. आज शीळ नव्हती. गाडीचं मागचं दार त्याने हात जाईल एवढंच किलकिलं केलं, क्रेट ओढून घेतला आणि दार पुन्हा लावलं.

"काय रे बाळा," आत्या म्हणाल्या, "काल सकाळी हा कुत्रा कुठून आला, पाहिलंस का?"

"नाही बा. मी आपला माझ्या कामात."

"गाडी बराच वेळ थांबली होती म्हणे."

"क्रेट अडकला होता." तो वहिनींच्या दुकानात गेला, आला, आमच्या पायरीवरून वाट काढत परत गाडीकडे गेला. जाता जाता ब्रेडचा एक पुडा आमच्या कट्ट्यावर ठेवला. "जास्तीचा आलाय. राहू दे."

गाडी वळली तशा आत्या हसल्या.

"पाहिलंस? पायरीवर एवढा मोठा कुत्रा बसलाय. माणूस त्याला वळसा घालून जातो, शेपटीवर पाय पडू नये म्हणून जपतो, पण त्याच्याकडे एकदाही बघत नाही. ज्याचं काही घेणं-देणं नसतं तो बघतो गं."

घड्याळात सात वाजले. "मग विचारा ना त्याला सरळ!" माझा पहिला शब्द तोच.

"'नाही' म्हणाला की ते 'नाही' पक्कं होऊन बसतं. हातात काही असल्याशिवाय विचारायचं नाही."

दुपारी आत्या दवाखान्यात जाऊन आल्या. आल्या त्या आणखी कोड्यात पडून. "डॉक्टरीणबाई म्हणतात, पंजे बघा. डांबरावर, खडीवर हिंडणाऱ्या कुत्र्याचे तळवे दगडासारखे होतात. याचे मऊ आहेत. घरात पाळलेला म्हणावं, तर पाठीचे केस उन्हाने पार पिंगट झालेत. दिवसभर उन्हात असतो आणि चालत मात्र नाही. असा कुत्रा असतो का कुठे?"

कुत्रा उंबऱ्यापाशी आला होता. रोज तसंच करायचा. उंबरा जेमतेम दोन बोटं उंच. कुणीही सहज ओलांडेल. तो मात्र थांबायचा, पलीकडे नजर लावायचा, चारही पाय गोळा करायचा आणि हातभर लांब उडी मारायचा. जणू मधे काहीतरी उघडं आहे आणि त्यात पडायचं नाही.

४

शुक्रवारी शाळेच्या सहा शिक्षिका कोटाच्या मापाला आल्या. दुकानात डावीकडे लांब बाक आहे, उजवीकडे आरसा, मधे कापायचं टेबल. सहाही जणी बाकावर ओळीने बसल्या आणि एकदम बोलायला लागल्या.

बटण, म्हणजे तो कुत्रा, कारण वहिनींनी त्याला तेवढ्यात नावही ठेवून टाकलं होतं, टेबलाखाली झोपला होता. तो उठला आणि उजवीकडे आरशाखाली जाऊन बसला.

"अगं, आमचा वास आला वाटतं त्याला!"

"सहावी ब मधल्या मुलांसारखा आहे. बाई दिसल्या की लांब."

त्यातल्या तिघी आरशासमोर उभ्या राहिल्या. बटण उठला, टेबलाखाली मधोमध येऊन बसला. मग मी आणि आत्या पिना लावायला आरशाकडे गेलो. बटण पुन्हा उठला, कंटाळल्यासारखा एक सुस्कारा टाकला आणि डावीकडे बाकाच्या टोकाला गेला.

आत्यांच्या तोंडात चार टाचण्या होत्या. त्या तशाच थांबल्या. मग एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

"बायांनो," त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी एक करा. सगळ्या बाकावर बसा बघू."

सगळ्या बसल्या. बटण उजवीकडे गेला.

"आता सगळ्या आरशाकडे."

बटण डावीकडे.

"आता अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे."

बटण मधोमध. त्याने आत्यांकडे पाहिलं. आता एकदाचं ठरवा, असा चेहरा होता.

शिक्षिकांची हसून पुरेवाट झाली. आत्या हसल्या नाहीत. कापड आखायची लाकडी पट्टी उचलून त्यांनी टेबलावर आपटली, विचार करताना आपटतात तशी. एकदा आपटली, काही झालं नाही. मग सवयीने लागोपाठ दोनदा. ठक ठक.

बटण ताडकन उठला. पुढचे पाय रोवून, कान टवकारून, छाती दाराच्या दिशेने करून उभा राहिला, आणि तसाच उभा राहिला. दुकान आता हलणार आहे, अशी त्याची खात्री होती.

"आत्या, काय झालं?"

"सूनबाई," आत्या हळूच म्हणाल्या, "हा जमिनीवर राहतच नाही."

शिक्षिका गेल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. "सगळे एका बाजूला बसले की जमिनीवर काय बिघडतं? काही नाही. पण होडीत? होडी कलते. याला शिकवलंय कुणीतरी, माणसं एकीकडे झाली की तू दुसरीकडे जा. उंबऱ्यावर उडी का? धक्का आणि होडी यांच्यामधे पाणी असतं. पाठीला ऊन, पण पंजे मऊ, कारण दिवसभर उघड्यावर आणि पायाखाली गुळगुळीत फळी. ठक ठक म्हणजे होडी सुटली. आणि छातीला सव्वा इंचाचा वेढा म्हणजे तरंगायचा अंगरखा. पाण्यात पडला तर बुडू नये म्हणून."

"म्हणजे नावाड्याचा कुत्रा!"

"हो. पण कुठल्या नावाड्याचा? नदी इथून वीस किलोमीटर लांब. वरपासून खालपर्यंत पंचवीस तरी धक्के. आणि वीस किलोमीटर हा चालत आलेला नाही, पंजे सांगतायत." आत्यांनी दिव्याचं बटण बंद केलं. "उद्या बारापर्यंत पंचवीस धक्के कसे पालथे घालायचे, ते तुझ्या त्या शब्दाला विचार."

५

शनिवारी पावणेसातला मी शटर वर केलं. बेकरीची गाडी उभीच होती. ड्रायव्हर क्रेट घेऊन वहिनींच्या दुकानात शिरला होता. दोन दिवस किलकिलं ठेवलेलं दार आज वाऱ्याने पूर्ण उघडलं होतं.

मी केरसुणी घेऊन उभी होते. नजर सहज आत गेली. डाव्या बाजूला क्रेटची उंच थप्पी होती, उजवी बाजू रिकामी. थप्पी पडू नये म्हणून एका रुंद निळ्या पट्ट्याने कडीला बांधलेली. पट्ट्याचं एक टोक सुरेख दुमडून शिवलेलं, दुसरं कापलेलं, धागे सुटलेले.

तीन दिवस मी ते माप डोळ्यांत घेऊन वावरत होते. सव्वा इंच.

ड्रायव्हर आला, दार लावलं, पुढे जाऊन बसला. गाडी सुरू झाली. सात वाजायला अकरा मिनिटं होती. आत्या आलेल्या नव्हत्या, वहिनी आत होत्या, आणि गाडी निघाली असती ती सोमवारीच परत आली असती.

अकरा वर्षांत ताप आला तरी नेम मोडला नव्हता. देवाला मनातल्या मनात सांगितलं, उद्यापासून पुन्हा. आणि ओरडले, "थांब! दादा, थांब!"

गाडी थांबली. वहिनी हातातली वही टाकून धावत बाहेर आल्या. गाडीसाठी नाही, माझ्यासाठी.

"अगं, तू बोललीस!"

ड्रायव्हर खाली उतरला. मी काही विचारायच्या आधीच त्याची नजर मागच्या दाराकडे गेली आणि खांदे पडले.

"तो पट्टा कुत्र्याच्या अंगावरचा आहे," मी म्हटलं. "हो ना?"

"ताई, मी त्याला मारलं-बिरलं नाही. शप्पथ."

आत्यांना फोन केला. त्या केस विंचरता विंचरता आल्या. ड्रायव्हरला बाकावर बसवलं, चहा दिला आणि मगच विचारलं. त्याने सांगितलं ते असं. बुधवारी इथे येऊन त्याने मागचं दार उघडलं, तर रिकाम्या बाजूला एक कुत्रा बसलेला. अंगात जाडसर, उशीसारखं काहीतरी. त्याचा पट्टा गाडीच्या कडीत अडकलेला. सोडवायला गेला तर कुत्रा घाबरून ओढायला लागला, म्हणून चाकूने पट्टा कापला. कुत्रा उतरला आणि आमच्या पायरीवर बसला.

"खायच्या वस्तूच्या गाडीत जनावर! मालकाला कळलं तर दुसऱ्या मिनिटाला घरी पाठवेल. म्हणून बोललो नाही. रोज ब्रेड ठेवून जात होतो, एवढंच."

"तो चढला कुठे?"

"तेच तर माहीत नाही, आत्या. मागचं दार उघडं टाकून मी क्रेट पोचवतो. दाराशी असेल तो ओढायचा, अंधारात आत कोण बघतं? इथे येण्याआधी तीन ठिकाणं. पहिलं धक्क्यावरची चहाची टपरी, मग दवाखान्याचं उपाहारगृह, मग वसतिगृह."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिघांपैकी पाणी एकाच ठिकाणी होतं.

"धक्क्यावर कुणी कुत्र्याबद्दल बोललं नाही?"

"मी जातो तेव्हा अंधुकच असतं. टपरी बंद. पायरीवर क्रेट ठेवतो आणि निघतो." त्याने सीटखालून तो अंगरखा आणून दिला. गोणपाटाचा होता. आत बुचाचे तुकडे भरलेले, जाड मेणाच्या दोऱ्याने हाताने शिवलेला. आत्यांनी टाके बोटाने चाचपले.

"शिंप्याचा हात नाही," त्या म्हणाल्या. "पण दर टाक्याला दोनदा दोरा फिरवलाय. फार जीव लावून शिवलंय कुणीतरी."

६

नऊ वाजता हेडसर आले. तीन तास आधीच. हातात नवी साखळी, पिशवीत नवं भांडं, अंगात इस्त्रीचा शर्ट.

मी त्यांना बाकावर बसवलं. आत्यांनीच सगळं सांगितलं. झीज, रेघ, पट्टा, धक्का. हेडसर काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.

"आणि तो असा समोर का जाऊन बसतो," शेवटी त्यांनी विचारलं, "तेही त्याचमुळे?"

"त्याचमुळे. मालकाने कसं शिकवलं असेल कोण जाणे, पण याला ती समज आहे. गाडीतही तेच झालं. टपरीचे क्रेट उतरले, डाव्या बाजूला थप्पी, उजवी रिकामी. याने पाहिलं, गाडी कलणार. चढला आणि मोकळ्या बाजूला बसला. बिचारा ड्यूटीवर गेला हो, हरवला नाही."

हेडसर कुत्र्याकडे वळले.

"म्हणजे त्याला माझा राग नव्हता," ते म्हणाले.

"राग? छे! तुमचं वजन आहे म्हणून गेला समोर."

हेडसरांना हसू आलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "बुधवारीच कळलं होतं मला, हा माझा नाही ते. माझा असता तर मी हाक मारल्यावर त्याने आधी कान मागे केले असते. शेपटीचं पांढरं टोक काय, निम्म्या कुत्र्यांना असतं. पण म्हटलं, कुणी नाहीच आलं तर... वर्गात कॉपी करताना पकडलेल्या मुलांना मी काय काय बोललो असेन, ते सगळं आठवलं हो या तीन दिवसांत."

"खूण मीच चुकीची निवडली," आत्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला नसेल अशी ठेवायला हवी होती."

मी म्हटलं, "सर, शब्द मी दिलाय. बारा वाजायचेत अजून."

"म्हणूनच तर घाई करायला हवी," हेडसर उठले. "माझी गाडी बाहेर उभी आहे. चला."

७

धक्क्यावर आठ-दहा माणसं सामान घेऊन ताटकळत उभी होती आणि होडी रिकामी बांधलेली होती.

"कुठे आहेत नावाडी?" हेडसरांनी विचारलं.

"ते बघा तिकडे, खालच्या अंगाला," एक जण वैतागून म्हणाला. "बुधवारपासून असंच चाललंय. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी, मधे नदीत काठी खुपसत हिंडतो. कुत्रा बुडाला म्हणे."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. चौकीच्या वहीत तक्रार का नव्हती, गावात एकही पत्रक का नव्हतं, ते आत्ता कळलं. बुडालेल्याची तक्रार कोण लिहील? त्या माणसाने चार दिवस रस्त्याकडे पाहिलंच नव्हतं. त्याने फक्त पाण्याकडे पाहिलं होतं.

तो वेतांच्या बेटापाशी गुडघाभर पाण्यात उभा होता. पन्नाशीचा, वाळकुटा, हातात आकड्याची लांब काठी. पाठ आमच्याकडे. काठी तो जपून खाली सोडायचा, काही लागलं की थांबायचा आणि वर काढायला त्याचा हात धजायचा नाही.

आत्या हाक मारणार होत्या. हेडसरांनी त्यांना थांबवलं आणि गाडीचं दार उघडलं.

बटण उतरला, हवा हुंगली आणि सुटला. त्याला धावताना आम्ही प्रथमच बघत होतो. धावणं काही खास नव्हतं, पंजे मऊ, खडी टोचत होती, तीन पायांवर, कधी दोन पायांवर. पण पाण्याशी पोचल्यावर जो उडाला, तो थेट त्या माणसाच्या पाठीवर.

नावाडी तोंडावर पाण्यात पडला. काठी वाहत गेली. तो उठून बसला तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता आणि कुत्रा त्याच्या डोक्यावर चढायला बघत होता. त्याने आधी कुत्र्याचे चारही पाय चाचपले, मग कान, मग बरगडीवरची रेघ. मग आमच्याकडे पाहिलं.

"मी दोनदा ठोकलं होतं हो," तो म्हणाला. "रोज ठोकतो. ठोकलं की हा चढतोच. म्हणून मागे वळून पाहिलं नाही. मध्यावर गेल्यावर पाहिलं, तर नाही. भागीदार नाही."

"नाव भागीदार होय?" आत्यांनी विचारलं.

"मग? निम्मं काम तोच करतो."

आत्यांनी पिशवीतून अंगरखा काढला. येताना गाडीत बसून त्यांनी कापलेल्या जागी पट्टा जोडला होता, दुहेरी शिलाईने. नावाड्याने तो उलटा-सुलटा करून पाहिला, माझ्याहून बरा टाका आहे म्हणाला, आणि कुत्र्याच्या अंगात चढवला. धक्क्यावरची वैतागलेली माणसं एव्हाना खाली उतरून आली होती आणि प्रत्येकाला कुत्र्याला हात लावायचा होता.

"चला, बसा सगळे," नावाड्याने डोळे पुसत हाळी दिली. "आज भाडं नाही."

माणसं भराभर चढली. हेडसर काठावर उभे होते. नवी साखळी अजून त्यांच्या हातात होती. नावाड्याने त्यांच्याकडे पाहिलं. कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही? जागा आहे."

"मला पलीकडे काही काम नाही," हेडसर म्हणाले.

"मग परत आणून सोडतो की."

हेडसरांनी साखळी माझ्या हातात दिली, काठी आत्यांना दिली आणि नावाड्याचा हात धरून होडीत उतरले. आम्ही काठावर बसलो. होडी पलीकडे गेली, माणसं उतरली, नवी चढली. होडी परत आली. इकडची माणसं उतरली. हेडसर उतरले नाहीत. नावाड्याशी त्यांचं काहीतरी बोलणं रंगात आलं होतं. हातवारे करून ते वाऱ्याची दिशा समजावून घेत होते. होडी पुन्हा निघाली.

"अहो सर!" आत्यांनी हाक मारली. "दुकान उघडायचंय आम्हाला! गाडी तुमची आहे!"

त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही हात हलवला तो फक्त निरोपासारखा.

"किती फेऱ्या मारणार आहेत हे?" आत्या म्हणाल्या.

"मारू द्या," मी म्हटलं. ऊन छान होतं. टपरीवर जाऊन मी आम्हा दोघींसाठी चहा सांगितला, आणि एक तिसरा, थोड्या वेळाने करा म्हणाले.